नेट ९४ वरच का अडकतं? नेटवर्क कार्ड घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच लग्नाच्या फोटोंचे अल्बम डिझाइन करतो. डेस्कटॉप आठ वर्षांचा आहे. नुकतंच ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं. मोबाइलवर वायफायने २७०-२८० दिसतात, पण केबल लावलेल्या डेस्कटॉपवर आकडा ९४ च्या पुढे जातच नाही. फोटो ठेवायला दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) घेतलाय, त्यावर एका लग्नाचा डेटा टाकायला तास-दीड तास जातो. एक जण म्हणतो २.५ जीचं (सेकंदाला २.५ गिगाबिटचं) नेटवर्क कार्ड टाका, दुसरा म्हणतो टाकायचंच तर १० जीचं टाका. काय करावं?"

ताई, तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाचा आहे तो ९४ चा आकडा. तो कधी ६०, कधी १५० असा हलता असता तर मला दहा गोष्टी विचाराव्या लागल्या असत्या. पण दर वेळी ९४ म्हणजे अर्धं निदान तुम्हीच करून दिलं आहे.

नेटवर्कच्या तारेवरून डेटा पाकिटांमधून जातो. एका पूर्ण पाकिटात तुमच्या कामाचा माल असतो साधारण १४६० बाइट. त्यावर पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांच्या मध्ये सोडावीच लागणारी मोकळी जागा धरली, तर तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. १०० मेगाबिटच्या तारेवर हा हिशेब लावला की हातात ९४-९५ पडतात. म्हणजे तुमच्या घरी नेट मंद नाही. डेस्कटॉप आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचा डबा यांनी आपसात १०० चीच लिंक ठरवली आहे आणि ती लिंक पूर्ण भरून वाहते आहे. मोबाइल वायफायवर असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

आता प्रश्न उरतो तो १०० कोणामुळे ठरलं याचा. नेटवर्क कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरला केबलचं पोर्ट देणारा भाग, हा त्यातला फक्त एक संशयित आहे, आणि माझ्या अनुभवात पहिला तर नाहीच.

आधी कॉम्प्युटरलाच विचारा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'इथरनेट' उघडा आणि खाली 'लिंक स्पीड' काय लिहिलंय ते बघा. तिथे १००/१०० दिसेल, हे मी आत्ताच सांगतो. मग स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली तुमच्या पोर्टचं नाव वाचा. रिअलटेकची चिप असेल तर नावात 'एफई' किंवा 'जीबीई' अशी अक्षरं असतात. एफई म्हणजे फास्ट इथरनेट, त्याची धाव १०० पर्यंतच. जीबीई म्हणजे गिगाबिट, १००० वाला. आठ वर्षांपूर्वीच्या बहुतेक बोर्डांवर गिगाबिट पोर्टच यायचं. स्वस्तातल्या काही बोर्डांवर मात्र १०० चं दिलेलं असायचं. तुमच्या नावात जीबीई दिसलं तर कार्ड घ्यायची घाई अजिबात करू नका. पोर्ट बहुधा चांगलं आहे, दोष तारेत किंवा समोरच्या टोकाला असावा.

तारेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १९९५ साली आलेलं १०० मेगाबिटचं मानक त्यातल्या दोनच जोड्या वापरतं. १९९९ चं गिगाबिट मानक चारही जोड्या वापरतं. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली, तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकं आधी गिगाबिटचा प्रयत्न करतात, तो फसला की बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात आणि काम चालू राहतं. दिवा लागलेला असतो, व्हिडिओ चालतो, कोणाला शंका येत नाही. जुनं कनेक्शन ५० किंवा १०० चं असेपर्यंत हा दोष वर्षानुवर्षं दडून राहतो. ३०० चं घेतलं की उघडा पडतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असण्याची शक्यता बरीच आहे.

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुरुवातीच्या काळात याच तक्रारीवर कार्ड बदललं. फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणून लावलं. तरी १०० च. शेवटी छतावरच्या पट्टीतून केबल ओढून काढली तेव्हा दिसलं की उंदराने वेष्टन कुरतडून तपकिरी जोडीतली एक तार तोडली होती. मालकाला दोन कार्डांचा खर्च आणि दोन दिवसांचा खोळंबा सोसावा लागला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या पिशवीतून सगळ्यात आधी केबल टेस्टर निघतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक प्रकार सर्रास सापडतो. भिंतीतल्या पाइपमधून दुसरी केबल जात नाही म्हणून वायरमन एकाच केबलच्या चार तारा एका खोलीच्या पोर्टला आणि उरलेल्या चार दुसऱ्या खोलीच्या पोर्टला किंवा कॅमेऱ्याला लावून देतो. दोन्हीकडे नेट येतं, पण दोन्हीकडे १०० च. वॉल प्लेटचे दोन स्क्रू काढून मागे बघा. आठही तारा एकाच जॅकमध्ये दाबलेल्या दिसल्या पाहिजेत.

तिसरा संशयित म्हणजे फायबरवाल्याने बसवलेला डबा, ओएनटी. घरगुती ओएनटींपैकी कितीतरी मॉडेलांवर पहिलं पोर्ट गिगाबिट आणि बाकीची १०० ची असतात. पोर्टाशेजारी 'जीई' आणि 'एफई' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी फक्त रंग वेगळा असतो. केबल दुसऱ्या पोर्टातून पहिल्यात टाकली आणि काम झालं, असं मी कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत कितीदा तरी पाहिलंय. मध्ये जुना नेटवर्क स्विच, म्हणजे एका केबलवरून अनेक पोर्टं काढून देणारा डबा, असेल तर त्याच्या पाठीवरचं लेबलही वाचा. '१०/१००' एवढंच लिहिलं असेल तर अडसर तोच.

तपासणीचा सोपा मार्ग असा: दीड-दोन मीटरची चांगल्या कंपनीची तयार, दोन्ही टोकांना प्लग असलेली कॅट-६ पॅच कॉर्ड घ्या (कॅट-५ई, ६, ६ए या केबलच्या चढत्या प्रती), सीपीयू उचलून ओएनटीजवळ न्या आणि त्याच्या जीई पोर्टात थेट जोडा. लिंक स्पीड १००० झाला, तर दोष भिंतीतल्या केबलचा किंवा मधल्या स्विचचा. तरीही १०० च राहिला, तर त्याच कॉर्डने एखाद्याचा गिगाबिट पोर्टवाला लॅपटॉप त्याच पोर्टाला लावून बघा. लॅपटॉपला १००० मिळाले, तर दोष तुमच्या डेस्कटॉपच्या पोर्टात आणि कार्ड घेणं रास्त.

केबल नवी ओढायची वेळ आली तर एक विनंती. बाजारात 'कॅट-६' असं छापलेल्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. दुकानदाराला बिलावर 'शुद्ध तांबं' लिहून द्यायला सांगा. स्वतः तपासायचं असेल तर तार ब्लेडने खरवडा, आत पांढरट चकाकी दिसली की ती ॲल्युमिनियमची. शिवाय अशी केबल हातात हलकी लागते, आणि दोन-चारदा वाकवली की तार मोडते. असल्या केबलवर पहिले काही महिने सगळं ठीक वाटतं, मग क्रिम्पिंगच्या, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवलेल्या, जागी एकेक जोडी सुटत जाते आणि पुन्हा तेच ९४. क्रिम्पिंग करताना दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत तसाच राहू द्यायचा.

आता कार्ड कधी घ्यावं ते सांगतो. पोर्ट एफई निघालं तर घ्यावं. पोर्ट जळालं असेल तर घ्यावं. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा कडाडतात त्या दिवसांत अशी पोर्टं माझ्याकडे दर वर्षी येतात, आणि लॅनचं पोर्ट गेलं म्हणून अख्खा मदरबोर्ड बदलायची गरज नसते. जळालेलं पोर्ट बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून कार्ड लावलं की मशीन पुढे चालतं. आणि तिसरं कारण तुमचं: नॅस.

इंटरनेटसाठी तुम्हाला गिगाबिट पुरेसं आहे. ३०० चं कनेक्शन २.५ जीच्या कार्डावर ३०० च राहणार. नॅसचा हिशेब मात्र वेगळा, कारण तिथे मध्ये इंटरनेट नाही, तुमचीच तार आहे. कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड भरून फोटो आले असं धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या लिंकवर सेकंदाला सुमारे पावणेबारा मेगाबाइट जातात, म्हणजे दीड तास. तुमचा तास-दीड तास यातूनच आला आहे. गिगाबिटवर सेकंदाला ११० ते ११८ मेगाबाइट मिळतात. तेच काम साडेनऊ मिनिटांत. २.५ जीवर २८० पर्यंत मिळू शकतात, म्हणजे चार मिनिटं. दीड तासाचे साडेनऊ मिनिटं होतात तो फरक तुमच्या रोजच्या कामाला लागणारा आहे. साडेनवाचे चार होतात तो फरकही छान आहे, पण त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात.

एक म्हणजे नॅसला २.५ जीचं पोर्ट हवं. दोन डिस्कच्या कितीतरी नॅसवर गिगाबिटच असतं. मग डेस्कटॉपमध्ये कितीही मोठं कार्ड टाका, वेग गिगाबिटचाच राहणार. दुसरं, मधला स्विचही २.५ जीचा हवा. तिसरं, डिस्क. ७२०० आरपीएमची मोठी हार्ड डिस्क सलग मोठी फाइल लिहिताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते, आणि भरत आली की मंदावते. दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या असतील, तर लिहिण्याचा वेग एकाच डिस्कचा. हजारो छोट्या जेपीजी असतील तर आणखी कमी, कारण प्रत्येक फाइलमागे उघडणं-मिटणं आलं.

हा आकडा बघितला की १० जीचं उत्तर आपोआप मिळतं. १० जी म्हणजे सेकंदाला हजाराच्या वर मेगाबाइट, आणि तुमची डिस्क दोनशेच्या आसपास. त्यात १० जीची तांब्याच्या तारेवरची कार्डं चांगलीच तापतात, त्यांना मदरबोर्डवर बहुतेक एक्स-४ किंवा त्याहून लांब स्लॉट (कार्ड बसवायची खाच) लागतो, स्विच महाग पडतो आणि पूर्ण १०० मीटरसाठी कॅट-६ए केबल लागते. साध्या कॅट-६ वर ते जास्तीत जास्त ५५ मीटरपर्यंत चालतं. चार-पाच जण एकाच वेळी नॅसवरून ४-के व्हिडिओ एडिट करतात आणि आत एसएसडी आहेत, अशा स्टुडिओत मी स्वतः १० जी सुचवतो. तुमच्यासाठी नाही. २.५ जीचं मानक २०१६ साली आलं, त्यामागे एक मोठा हेतू होता की इमारतींमध्ये आधीच ओढलेली कॅट-५ई केबल न बदलता वेग वाढावा. १०० मीटरपर्यंत ते कॅट-५ई वर चालतं. घरगुती स्टुडिओला याहून सोयीचं काही नाही.

नॅसला २.५ जीचं पोर्ट असेल आणि दुसरंही एखादं पोर्ट असेल, तर स्विचवर खर्च न करता एक रचना करता येते. मला ती फार आवडते. डेस्कटॉपचं मूळ पोर्ट इंटरनेटसाठी तसंच ठेवा. नव्या कार्डातून एक केबल थेट नॅसच्या २.५ जी पोर्टात लावा. नॅसचं दुसरं पोर्ट घरच्या नेटवर्कला राहू द्या, म्हणजे मोबाइल-टीव्हीला नॅस दिसत राहील. नव्या जोडणीला वेगळे पत्ते द्या: डेस्कटॉपला १०.१०.१०.१, नॅसला १०.१०.१०.२, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेचा रकाना रिकामाच ठेवायचा. तिथे काही भरलं तर विंडोज कधी कधी इंटरनेट नॅसकडे शोधायला जातं आणि घरात गोंधळ उडतो. मग नेटवर्क ड्राइव्ह नावाने न जोडता या १०.१०.१०.२ पत्त्याने जोडा, म्हणजे फोटो त्याच वेगवान तारेने जातील. क्रॉस केबलची गरज आता राहिलेली नाही, पोर्टं स्वतःच जुळवून घेतात.

कार्ड निवडताना खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. २.५ जीमध्ये रिअलटेक ८१२५ किंवा इंटेल आय-२२६ या दोन्हींसाठी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) सहज मिळतो. एमजी रोडवरच्या दुकानात विचारताना "पीसीआय एक्स्प्रेस एक्स-१, २.५ जी, चिप कोणती?" असं विचारा. चिपचं नावच सांगता येत नसेल तर ते कार्ड घेऊ नका. तुमचं कॅबिनेट बारीक, आडवं असेल तर खोक्यात लहान ब्रॅकेट आहे का, तेही बघा.

स्लॉटचं म्हणाल तर बोर्डावर बोटाच्या पेराएवढा छोटा एक्स-१ स्लॉट असतो. तो मोकळा नसेल, ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल, तर हेच कार्ड लांब एक्स-१६ स्लॉटमध्येही बसतं आणि चालतं. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, २.५ जीला त्याच्या दोन तृतीयांशाहून कमी लागतात, म्हणजे अडचण नाही. जुना, पांढरा, साधा पीसीआय स्लॉट मात्र वेगळा. त्यात हे कार्ड बसत नाही, आणि त्याची सगळी मिळून वाहतूकच १३३ मेगाबाइटची. काही बोर्डांवर एम-डॉट-टू एसएसडी लावली की एखादा स्लॉट बंद होतो, तेवढं बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या.

बसवण्याआधी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. विंडोज १० च्या जुन्या आवृत्तीत ८१२५ चा ड्रायव्हर आधीपासून नसतो, आणि त्या क्षणी नेटही नसलं तर हात बांधले जातात. मग मशीन बंद करा, भिंतीतली पिन काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावा. निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. तीच ठिणगी चिपला मारते. कार्ड कडांना धरून सरळ खाली दाबा, 'टक्' झालं की ब्रॅकेटचा स्क्रू नक्की लावा. तो राहिला तर केबल ओढली जाताच कार्ड तिरकं होतं आणि नेट मध्येच जात-येत राहतं.

चालू केल्यावर लोक घाबरतात ते दोन गोष्टींनी. नेट आलं, पण नॅस किंवा शेअर केलेला प्रिंटर दिसत नाही: विंडोज नव्या कार्डाला नवं नेटवर्क समजून 'पब्लिक' ठरवतं आणि फाइल शेअरिंग अडवतं. इथरनेटच्या सेटिंगमध्ये ते 'प्रायव्हेट' करा. दुसरं, इंटरनेटचीच केबल नव्या कार्डात लावली आणि नेट येईना: काही स्थानिक केबलवाले ग्राहकाच्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून ठेवतात, नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असतो. त्यांना फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्या. तुमचा ओएनटीच राउटरचं काम करत असेल तर हा प्रश्न येत नाही. काही सॉफ्टवेअरचं लायसन्सही मॅक पत्त्याला बांधलेलं असतं, म्हणून जुनं पोर्ट बायोसमधून बंद करण्याआधी हिशेबाचं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून खात्री करा.

लिंक मध्येच तुटून जुळत असेल तर कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' रकान्यात 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करून बघा. जम्बो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांच्या, वाटेला जाऊ नका. सगळ्या उपकरणांवर पाकिटाचा आकार सारखा नसेल तर मोठ्या फाइली मध्येच अडकतात आणि कारण शोधताना दिवस जातो. निव्वळ तारेचा वेग मोजायचा असेल तर आयपर्फ-३ हे मोफत साधन एका बाजूला डेस्कटॉपवर आणि दुसऱ्या बाजूला नॅसवर चालवा. २.५ जीच्या लिंकवर त्याने २.३ गिगाबिटच्या वर दाखवलं आणि कॉपी तरीही मंद असेल, तर तार आणि कार्ड निर्दोष ठरले. आता बघायची ती डिस्क किंवा अँटिव्हायरस.

वर वळवाच्या विजेचं बोललो, त्यावर एवढं: फायबरमधून वीज येत नाही, पण शेजारच्या गच्चीवरून किंवा खांबावरून उघड्यावर आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येते. घर आणि खालचं ऑफिस, किंवा दोन इमारती जोडायच्या असतील तर मधला तुकडा फायबरचाच ठेवा, दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर लावा. कडकडाट सुरू झाला की ओएनटीचा अडॅप्टर आणि सीपीयूची पिन दोन्ही काढा. आणि घरातलं अर्थिंग एकदा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. नवं कार्डही त्याच अर्थिंगच्या भरवशावर चालणार आहे.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: आज ओएनटीचं पोर्ट बदलून बघा, उद्या नवी पॅच कॉर्ड लावून लिंक स्पीड वाचा. तो १००० झाला, तर आठवडाभर तसंच काम करा आणि नॅसचा वेग पुरतो का ते बघा. नाहीच झाला, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं पोर्टचं नाव, बोर्डाचं मॉडेल आणि नॅसचं मॉडेल कळवा. त्यावरून गिगाबिटचं कार्ड पुरेल की २.५ जीचं घ्यावं, आणि ते कोणत्या स्लॉटमध्ये बसेल, हे नेमकं सांगता येईल.